लॅपटॉप हँग होतो, एकदम बंद पडतो: विंडोज मारण्याआधी काय तपासायचं

लॅपटॉप मधेच अडकायला लागला किंवा चालू कामात एकदम बंद पडला, की पहिला सल्ला ठरलेला असतो: "विंडोज मारून घे," म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून घे. दुकानात नेला तरी बऱ्याचदा तेच होतं. पैसे जातात, डेस्कटॉपवरच्या फाइली जातात आणि चार-आठ दिवसांत लॅपटॉप पुन्हा तसाच बंद पडतो. दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. कसलीही सूचना न देता एका क्षणात बंद पडणारा लॅपटॉप विंडोजमुळे क्वचितच बंद पडत असतो. बहुतेक वेळा कारण उष्णता, धूळ, बॅटरी किंवा चार्जर यांपैकी एक असतं आणि खानदेशात या चौघांनाही काही कमी नाही.

ज्यांनी लॅपटॉप कधी उघडून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं, सेवा केंद्र चालवणारे, रावेर-यावलकडे केळीचा हिशोब ठेवणारे, शाळेतले शिक्षक यांच्यासाठी. बरंचसं निदान स्क्रू ड्रायव्हरला हात न लावता घरीच होतं. फक्त क्रम मोडू नका.

आधी फाइली बाहेर काढा

तपासणी नंतर, आधी हे. हार्ड डिस्क खराब होत असेल तर लॅपटॉप आज चालू झाला म्हणून उद्याही होईल याची खात्री नसते. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावा आणि जे पुन्हा मिळणार नाही ते पहिल्यांदा उचला: घरचे फोटो, हिशोबाचा डेटा, प्रबंध, स्कॅन केलेली कागदपत्रं. टॅली वापरत असाल तर तिच्यातूनच बॅकअप घ्या. सिनेमे आणि सॉफ्टवेअर राहू द्या, ते कुठूनही परत मिळतात.

लॅपटॉप दहा-पंधरा मिनिटांत बंद पडत असेल तर एकाच दमात सगळं कॉपी करायला जाऊ नका. सकाळी लवकर, खोली गार असताना, थोडं थोडं करून काढा.

बंद कसा पडतो ते नीट पाहा

सगळं निदान यावर उभं आहे आणि नेमकं इथेच लोक घाई करतात. एक वही घ्या. प्रत्येक वेळी वेळ लिहा, चार्जर लावलेला होता की नाही, काय काम चालू होतं, खालचा भाग तापला होता का, पंख्याचा आवाज वाढला होता का, लाईट गेली किंवा आली होती का. आठवडाभराच्या नोंदींत कारण बहुधा दिसायला लागतं.

एका क्षणात स्क्रीन काळी, पंखा बंद, दिवे बंद, कसलीही सूचना नाही: असं झालं तर संशय उष्णतेवर किंवा विजेवर घ्या.

निळी स्क्रीन येऊन लॅपटॉप आपोआप पुन्हा सुरू झाला तर गोष्ट वेगळी. विंडोजला काहीतरी चूक सापडली आणि तिने स्वतःहून काम थांबवलं. विंडोज ११ च्या नव्या अपडेटमध्ये ही स्क्रीन निळीऐवजी काळी दिसते, पण तिच्यावर अक्षरं असतात. त्यांचा मोबाइलवर लगेच फोटो काढा. खाली लिहिलेला स्टॉप कोड फार कामाचा असतो. अशा वेळी ड्रायव्हर (लॅपटॉपचा एकेक भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), रॅम (चालू कामाची मेमरी) किंवा डिस्क तपासायची.

तिसरा प्रकार गोठण्याचा. चित्र तसंच राहतं, माउस हलत नाही. लगेच पॉवर बटन दाबू नका. कॅप्स लॉक दाबून तिचा दिवा लागतो-विझतो का पाहा. लागत असेल तर आतला कारभार अजून जिवंत आहे. विंडोजची खूण असलेली कळ, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. यामुळे ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो आणि पडदाच अडकला असेल तर तो सुटतो. कॅप्स लॉकचा दिवाही हलत नसेल तर दोन-तीन मिनिटं थांबा आणि मगच पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा. डिस्क काहीतरी लिहीत असताना बटन दाबलं तर फाइल तुटू शकते.

लॅपटॉप स्वतःही नोंद ठेवत असतो. स्टार्टमध्ये रिलायबिलिटी असं इंग्रजीत टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' दिसतं. त्यात तारखेनुसार लाल खुणा असतात. आणखी खोलात जायचं तर 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडून विंडोज लॉग्जमधल्या सिस्टीमवर जा. तिथे कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ अशी नोंद सापडेल. ती पाहून बरेच जण घाबरतात. पण तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी लॅपटॉप नीट शट डाउन न होता बंद झाला. का झाला, ते ती सांगत नाही. नोंदीच्या तपशिलात बगचेक कोडपुढे शून्य असेल तर बहुधा निळी स्क्रीन येण्याइतकीही सवड मिळाली नव्हती, म्हणजे पुन्हा उष्णता आणि वीज. डिस्क नावाच्या लाल नोंदी वारंवार दिसत असतील तर बाकी सगळं सोडून बॅकअप पूर्ण करा.

विंडोजची चूक आहे की नाही, याची सोपी चाचणी

लॅपटॉप बंद करा. पुन्हा चालू करताना एफ २ ही कळ टकटक दाबत राहा. एचपीच्या लॅपटॉपमध्ये बहुधा एफ १० लागते. बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंग्जची, स्क्रीन येईल. तिथे काहीही बदलू नका, फक्त अर्धा-पाऊण तास लॅपटॉप तसाच ठेवा.

या वेळी विंडोज सुरूच झालेली नसते. तरीही लॅपटॉप बंद पडला तर विंडोज निर्दोष आहे आणि ती नव्याने टाकून काहीही होणार नाही. बायोसमध्ये टिकला म्हणून हार्डवेअर चांगलंच आहे असं मात्र समजू नका, कारण तिथे लॅपटॉपवर कामाचा भार नसतो.

दुसरी चाचणी सेफ मोडची. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा, मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट आणि शेवटी ४ हा आकडा. सेफ मोडमध्ये विंडोज कमीत कमी ड्रायव्हर घेऊन चालते. तिथे लॅपटॉप तासन् तास नीट चालला आणि नेहमीच्या विंडोजमध्ये अडकला, तर दोष एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा असण्याची शक्यता मोठी.

उष्णता

लॅपटॉपच्या माहितीपत्रकात तो किती तापमानाच्या खोलीत चालवायचा ते दिलेलं असतं. बहुतेक कंपन्या ३५ अंश सेल्सिअसपर्यंत म्हणतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता लॅपटॉप उघडला, की तो त्याच्या मर्यादेबाहेरच काम सुरू करतो. जुन्या धाब्याच्या घरात हा त्रास बराच कमी, कारण मातीचं जाड छप्पर ऊन सहज आत येऊ देत नाही. घरात अशी खोली असेल तर दुपारचं काम तिथेच करा.

आत काय घडतं ते समजून घेतलं तर पुढचे उपाय लक्षात राहतात. प्रोसेसरची, म्हणजे लॅपटॉपच्या मुख्य चिपची, उष्णता तिच्यावर लावलेल्या थर्मल पेस्ट नावाच्या लेपातून तांब्याच्या नळीत जाते, नळीतून बारीक पत्र्यांच्या जाळीत, आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलून ती बाहेर टाकतो. पंखा खोलीतलीच हवा वापरतो. हवाच ४२ अंशांची असेल तर तो कितीही जोरात फिरला तरी चिप त्याहून गार होणं शक्य नाही. चिप ९५-१०० अंशांच्या आसपास पोचली की आधी स्वतःचा वेग कमी करते, आणि आपल्याला वाटतं लॅपटॉप हँग झाला. तरीही तापमान चढत राहिलं तर जळू नये म्हणून लॅपटॉप एकदम बंद होतो. हे संरक्षण आहे. बंद पडल्या पडल्या पुन्हा बटन दाबणं म्हणजे त्या संरक्षणाशी भांडणं. निदान अर्धा तास थांबा.

दुसरा शत्रू धूळ, आणि इथली धूळ साधी नसते. जिनिंगच्या आसपास हवेत कापसाचे तंतू असतात. ते जाळीच्या आतल्या बाजूला अडकतात, त्यांच्यावर माती बसते आणि नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून लॅपटॉप चकचकीत दिसतो आणि आतून हवेला वाट नसते. डाळ मिलचा भुसा, नंदुरबारकडे मिरचीच्या पथाऱ्यांवरून उडणारी पूड, यांचंही तेच.

तीन गोष्टी तपासा. लॅपटॉप तापल्यावर हवा बाहेर येते तिथे हात धरा. पंख्याचा आवाज मोठा आणि झोत मात्र नावापुरता, तर जाळी तुंबली आहे. आवाजच नाही, तर पंखा बंद पडला आहे. मग तेच काम पहाटे करून पाहा. पहाटे चालतो आणि दुपारी पडतो, तर उष्णतेबद्दल शंका उरत नाही. तिसरं, एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेऊन सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, तापमान पाहत राहा. काही काम नसताना ते ७०-८० च्या वर असेल, किंवा ब्राउझर उघडताच ९५ गाठत असेल, तर सफाई लांबवू नका.

बिनखर्चाचे उपाय आधी. गादी, गोधडी, उशी यांवर लॅपटॉप ठेवू नका, खालची हवेची भोकं बुजतात. टेबलावर ठेवून मागची बाजू पुस्तकाने किंवा लाकडी पट्टीने बोटभर उचला. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज या वाटेने जा आणि प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखालचं मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरून ९९ करा. त्यामुळे बऱ्याच लॅपटॉपमध्ये चिपचा जादा वेग बंद होतो आणि तापमान लक्षात येईल इतकं उतरतं. टायपिंग, अर्ज भरणं, व्हिडिओ पाहणं यांत फरक जाणवत नाही. उन्हाळ्याचे तीन महिने तरी हे करून ठेवाच. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे सेटिंग्जमधला पॉवर मोड 'बेस्ट पॉवर एफिशियन्सी' करा.

कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी तो असतो. कूलरने खोली गार होते, लॅपटॉपला फायदाच आहे. पण लॅपटॉप थेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका. हवेबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि बोअरचं पाणी क्षारांचं असतं. ते थेंब आत वाळले की लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर पांढरे डाग पडतात आणि जोड गंजतात. कूलरपासून लांब, झोताच्या बाजूला बसा.

सफाई स्वतः करायची तर लॅपटॉप पूर्ण बंद करून, चार्जर काढून, ब्लोअरने थोड्या अंतरावरून हवेच्या भोकांत छोटे छोटे झोत मारा. त्या वेळी टूथपिकसारखं काहीतरी घालून पंखा अडवून धरा, फिरू देऊ नका, नाहीतर तो प्रमाणाबाहेर फिरून त्याचं बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरू नका, स्थिर विजेने चिप जाऊ शकते. तोंडाने फुंकरही नको, ओलावा जातो. नमद्यासारखा थर मात्र बाहेरून निघत नाही. त्यासाठी मागचं झाकण काढावं लागतं. ते जाणकाराकडून करून घ्या आणि त्याच वेळी थर्मल पेस्टही बदलून घ्या. इथल्या धुळीत मी दरवर्षी होळीच्या सुमारास, ऊन वाढण्याआधी, सफाई करायला सांगतो.

बॅटरी, चार्जर आणि लाईट

लाईट गेल्यावर लॅपटॉपचं काय होतं ते आठवा. लाईट गेली त्याच क्षणी लॅपटॉप बंद पडत असेल तर बॅटरी संपली आहे, आणि तुमचा लॅपटॉप केवळ चार्जरवर जगतो आहे. घरात इन्व्हर्टर असूनही असं होतं. इन्व्हर्टरवर जाताना क्षणभर वीज तुटते, चांगली बॅटरी तो क्षण सांभाळून घेते, मेलेली नाही. इन्व्हर्टरवर यूपीएस असा खटका असेल तर तो लावून ठेवा, मधला खंड कमी होतो.

आता मुद्दाम उलटसुलट करून पाहा. फुल चार्ज करून चार्जर काढा आणि नेहमीचं काम करा. बॅटरीवर नीट चालला आणि चार्जर लावल्यावर बंद पडला, तर चार्जर, त्याची पिन किंवा चार्जिंगचा जॅक संशयित. बॅटरीवर ३०-४० टक्के दिसत असताना एकदम बंद पडला, तर बॅटरी. दोन्हींवर पडला, तर उष्णता किंवा बोर्ड. ज्यांची बॅटरी सहज निघते त्यांनी ती काढून, फक्त चार्जरवरही चालवून पाहावं.

बॅटरीचा लेखी अहवाल विंडोज देते. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. तिथे इंग्रजीत पॉवर आणि त्याला चिकटून सीएफजी, मग एक जागा, मग तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट असा सलग शब्द टाइप करून एंटर दाबा. अहवाल कुठे ठेवला ते तिथेच दिसेल, ब्राउझरमध्ये उघडा. डिझाइन कपॅसिटी म्हणजे नवी असतानाची क्षमता, फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आजची. आजची निम्म्याच्या खाली गेली असेल तर बॅटरी बदलायच्या यादीत घाला.

एका बाबतीत थांबायचंच नाही. टचपॅड वर उचलला गेलाय, झाकण नीट बसत नाही, खालचा भाग फुगलाय, असं दिसलं तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. दुकानात काढून घ्या आणि जुनी कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या.

चार्जरवरच्या चिठ्ठीवर व्होल्ट आणि वॅट लिहिलेले असतात. मूळ चार्जर ६५ वॅटचा होता आणि बाजारातून पिन बसते म्हणून ४५ चा आणला, तर हलक्या कामात लॅपटॉप चालतो आणि जड कामात पडू शकतो. व्होल्ट तेच हवेत, वॅट तेवढेच किंवा जास्त चालतात. पिन जॅकमध्ये हलवल्यावर चार्जिंगचा दिवा लुकलुकत असेल तर जॅक सैल झालाय, ती दुरुस्ती छोटी आहे. सैल एक्सटेन्शन बोर्डही तोच त्रास देतो, म्हणून एकदा थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून पाहा.

गावाकडे शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब मिणमिणतात, आणि लोक स्टॅबिलायझर घ्यायला निघतात. लॅपटॉपचा चार्जर साधारण १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतो, कमी दाबाने त्याचं सहसा बिघडत नाही. घात होतो तो लाईट परत येताना बसणाऱ्या झटक्याने. लाईट गेली की चार्जर सॉकेटमधून काढा आणि आल्यावर पाच मिनिटांनी लावा. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की चार्जरबरोबर इंटरनेटची तारही काढा. लॅपटॉपच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून घरचं अर्थिंग तपासून घ्या.

हळू होऊन अडकत असेल तर

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा. डिस्कचा रकाना सतत १०० टक्के असेल आणि लॅपटॉपमध्ये जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकण्याइतका गुणकारी खर्च दुसरा नाही. आधी क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत सॉफ्टवेअरने डिस्कची प्रकृती पाहा. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं तर त्या डिस्कवर नव्याने विंडोज टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरलेला असेल तर थोडा मोकळा करा.

मेमरीचा रकाना ९० च्या वर असेल तर रॅम कमी पडते आहे. निळी स्क्रीन वेगवेगळ्या कोडने येत असेल तर रॅम खराबही असू शकते. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून रात्री तपासणी लावून द्या. दोन अँटिव्हायरस असतील तर एक काढा. ड्रायव्हर लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल क्रमांक पाहून घ्या. ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो म्हणणारी सॉफ्टवेअर टाळा.

एवढं करून फक्त सॉफ्टवेअरच संशयित उरलं, तर मात्र विंडोज नव्याने टाकायला हरकत नाही. क्रॅक केलेली टाकू नका. विंडोज १० ची नेहमीची मदत मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आहे, तेव्हा लॅपटॉपला झेपत असेल तर विंडोज ११ घ्या.

दुकानात नेताना

दुकानदाराने "काय व्हयनं भाऊ?" विचारलं तर "बंद पडस" एवढ्यावर थांबू नका. वही दाखवा: दुपारी पडतो, चार्जरवर पडतो, बायोसमध्येही पडला, बॅटरीची क्षमता एवढी उरली. निळ्या स्क्रीनचा फोटो दाखवा. एवढी माहिती घेऊन आलेल्या माणसाला "फॉरमॅट मारून देतो" असं सहसा कुणी सांगत नाही. बोर्ड गेला असं सांगितलं तर नवा बोर्ड घेण्याआधी चिप लेव्हल काम करणाऱ्या दुसऱ्या कारागिराचं मत घ्या. अनेकदा एखादा छोटा भाग बदलून बोर्ड चालू होतो.

विंडोज ११ मध्ये डिस्क बहुधा कुलूपबंद असते. बोर्ड बदलला किंवा डिस्क दुसऱ्या लॅपटॉपला लावली की बिटलॉकरची, म्हणजे या कुलपाची, रिकव्हरी की (लांबलचक आकडी किल्ली) मागितली जाते. आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन ती आधीच कागदावर उतरवून ठेवा. किंमत तोंडी न ठरवता लिहून घ्या आणि बदललेले जुने भाग परत मागा. जुनी डिस्क तर दुकानात सोडूच नका. ती खराब असली तरी तिच्यातली आधार कार्डं, बँकेची कागदपत्रं आणि घरचे फोटो बऱ्याचदा वाचता येतात.